लाल तारीख कोणाची?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरातल्या भिंतीवर दोनच वस्तू टांगलेल्या आहेत. एक आरसा आणि दुसरे कालनिर्णय. नव्या वर्षाचे कालनिर्णय घरात आले की माझा धाकटा भाऊ सर्वांत आधी लाल तारखा मोजतो. कोणकोणत्या सुट्ट्या रविवारी येऊन ‘फुकट गेल्या’ हे तो मोठ्या दुःखाने जाहीर करतो. आई त्याच कालनिर्णयावर शिसपेन्सिलीने बारीक फुल्या मारते. त्या फुल्या म्हणजे तिचे खाडे. महिना संपला की ती त्या फुल्या मोजते आणि पगारातून किती कापले जाणार याचा हिशेब मनाशी करते. कागद एकच, मुलगा त्यावर सुट्ट्या मोजतो आणि आई खाडे मोजते. या दोन मोजण्यांमधले अंतर हाच माझ्या लेखाचा विषय आहे.

आम्ही माजिवड्याला राहतो. माजिवडा म्हटले की आज लोकांना उड्डाणपूल, मेट्रोचे खांब आणि तीस-तीस मजल्यांचे टॉवर आठवतात. या सगळ्याच्या पोटात जुने गावठाण अजून आहे, गावदेवी आहे, नारळी पौर्णिमेला खाडीकडे जाणारी माणसे आहेत आणि आमच्यासारखी बाहेरून पोट भरायला आलेली चाळीतली कुटुंबेही आहेत. आमचे मूळ गाव जालना जिल्ह्यात. दुष्काळाच्या एका वर्षी बाबांनी ठाणे गाठले. ते एका संकुलात वॉचमन आहेत. आई जवळच्याच टॉवरमध्ये पाच घरची धुणीभांडी करते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे पुस्तकात काही वाचले की ते घरच्या माणसांना लावून पाहण्याची मला खोड लागली आहे. वाचकांनी ती सांभाळून घ्यावी.

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला सरांनी चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या 1843 सालच्या कथेविषयी सांगितले. तिच्यात स्क्रूज नावाचा एक कंजूष सावकार आहे. त्याचा गरीब कारकून नाताळची एक दिवसाची सुट्टी मागतो, तर मालकाला वाटते की काम न करता पगार म्हणजे आपल्या खिशावर दरोडाच! वर्गात सगळे हसले. मला हसू आले नाही. असा मालक पाहायला मला लंडनला जाण्याची गरज नव्हती.

त्याच तासाला सरांनी ‘बॉक्सिंग डे’चा अर्थ सांगितला. तोपर्यंत माझा समज असा की, त्या दिवशी इंग्लंडात ठोसेबाजीचे सामने होत असावेत! खरी गोष्ट निराळीच आहे. नाताळच्या दिवशी धन्याच्या घरी मेजवानी असे. नोकरचाकरांना त्या दिवशी राबावेच लागे. म्हणून दुसऱ्या दिवशी, म्हणजे 26 डिसेंबरला, त्यांना घरी जायची मोकळीक मिळे आणि बरोबर एक पेटी, म्हणजे ‘बॉक्स’, मिळे. तिच्यात पैसे, कपडे किंवा खाण्याचे जिन्नस असत. पोस्टमन, दुकानातली पोरे यांनाही त्या दिवशी काहीबाही देण्याची चाल होती. थोडक्यात, आपल्याकडच्या दिवाळीच्या पोस्ताचाच हा प्रकार. मात्र एक फरक आहे. आपण पोस्त देतो, पण दिवस देत नाही.

मग मी ग्रंथालयात बसून इंग्रजांच्या सुट्ट्यांविषयी आणखी वाचले. त्यातली हकीकत मोठी मनोरंजक आहे. पूर्वी बँक ऑफ इंग्लंड वर्षाकाठी सुमारे 33 दिवस बंद असे. कधी हा संत तर कधी तो संत! 1834 साली या सुट्ट्या एकदम चारवर आणल्या गेल्या. यंत्रयुग आले, गिरण्या आल्या आणि संतांचे दिवस मागे पडले. पुढे 1871 साली सर जॉन लबक या गृहस्थाने पार्लमेंटात बँक हॉलिडेचा कायदा मंजूर करून घेतला. हे लबक स्वतः बँकर आणि शिवाय शास्त्रज्ञ. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांच्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला आहे. आयुष्यभर मुंग्यांची मेहनत पाहिलेल्या माणसाला माणसांनी मात्र थोडे थांबावे असे वाटले, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते. त्यांच्या कायद्याने इंग्लंडला चार दिवस मिळाले: ईस्टरनंतरचा सोमवार, व्हिट सोमवार, ऑगस्टमधला पहिला सोमवार आणि तोच आपला बॉक्सिंग डे. लोक इतके खूश झाले की, या दिवसांना थट्टेने ‘सेंट लबक’चे दिवस म्हणू लागले. एका बँकरला लोकांनी संतपद दिले!

पण ही सुट्टी नावाप्रमाणे मुळात बँकेची होती. बँक बंद, म्हणून व्यवहार बंद. बँक उघडी असो वा बंद, दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या राहणाऱ्या पोरांचे काय? त्यांच्यासाठी त्याच लबकसाहेबांना पुन्हा खटपट करावी लागली. 1886 साली दुकानांच्या वेळेचा कायदा झाला आणि अठरा वर्षांखालील मुलांना आठवड्यात 74 तासांपेक्षा जास्त राबवू नये असे ठरले. आठवड्यात 74 तास ही तेव्हा सवलत होती! तात्पर्य, कॅलेंडरवर सुट्टी छापली म्हणून ती सर्वांच्या दारात आपोआप पोचत नाही. ती पोचवण्यासाठी वेगळे भांडण करावे लागते. इंग्लंडात मे महिन्यातला कामगार दिनाचा सोमवार सुट्टीचा व्हायला तर 1978 साल उजाडावे लागले.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्र शासन दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची यादी जाहीर करते. गुढीपाडवा, रमजान ईद, महावीर जयंती, आंबेडकर जयंती, गुड फ्रायडे, बुद्धपौर्णिमा, पारशी नववर्ष, गुरुनानक जयंती, नाताळ... दोन डझनांच्या आसपास सुट्ट्या होतात. सर्व धर्मांना त्यात जागा आहे, ही आपल्या देशाची शोभाच आहे. ही यादी कमी करा, असे मी म्हणणार नाही. पण ती कोणत्या कायद्याखाली निघते हे मी शोधले, तेव्हा मला नवल वाटले. तो कायदा आहे 1881 सालचा, हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेश यांच्याविषयीचा. त्याच्या 25 व्या कलमात असे आहे की, हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरत असेल, तर ती त्याच्या आधीच्या कामाच्या दिवशी भरली असे समजावे. म्हणजे आपल्या ‘सार्वजनिक सुट्टी’चा जन्म हुंडीच्या सोयीसाठी झाला आहे. इंग्लंडच्या बँक हॉलिडेचे हे सख्खे भावंड. हुंडी त्या दिवशी विसावा घेते. माणसाने विसावा घ्यावा की नाही याबद्दल त्या कलमात एक अक्षर नाही.

माणसाच्या विसाव्यासाठी भांडले ते नारायण मेघाजी लोखंडे. 1848 साली त्यांचा जन्म झाला तो याच ठाण्यात. महात्मा फुल्यांचे हे सहकारी. त्यांनी ‘दीनबंधु’ पत्र चालवले आणि गिरणी कामगारांची संघटना बांधली. तेव्हा गिरण्या दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत चालत आणि साहेबाला रविवारी चर्चला जायला सुट्टी असली तरी कामगाराला ती नव्हती. लोखंड्यांनी अर्ज केले, सभा घेतल्या. एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगार जमले. त्या सभेत स्त्री कामगारही बोलल्या, ही गोष्ट मला विशेष वाटते. अखेर 10 जून 1890 रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी उशिरापर्यंत लोळताना आपल्यापैकी कितीजणांना ठाण्यात जन्मलेला हा माणूस आठवतो? मला तरी दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याचे नावही ठाऊक नव्हते.

पण मित्रहो, दुःखाची गोष्ट पुढेच आहे. लोखंड्यांनी 1890 साली मिळवलेला रविवार माझ्या आईला अजून मिळालेला नाही.

रविवारी टॉवरमधली माणसे घरी असतात. नाश्ता उशिरा होतो, जेवण साग्रसंगीत होते, पाहुणे येतात. आई म्हणते, “सुट्टी म्हंजी भांडी डबल.” सणाच्या दिवशी तर विचारू नका. दिवाळीत फराळाची कढई, तेलकट झारे, रांगोळीने भरलेली फरशी. माझ्या कॉलेजला सुट्टी असली की मीही तिच्याबरोबर जाते, म्हणजे दोन घरे लवकर उरकतात. माझ्या लाल तारखा अशा खर्च होतात. त्याची मला लाज वाटत नाही. पहिल्या वर्षी वाटत होती. एकदा दार उघडणारी मुलगी आमच्याच कॉलेजची निघाली, तेव्हा मी बादलीआड तोंड लपवले. दुसऱ्या दिवशी तिनेच माझ्या बाकावर येऊन मराठीच्या वह्या मागितल्या. लाज तिथेच संपली.

बाबांची ड्युटी बारा तासांची. महिन्याचे तीसही दिवस. एक दिवस घरी राहिले तर एक दिवसाचा पगार कमी. पंधरा ऑगस्टला त्यांचा गणवेश आई आदल्या दिवशी धुऊन इस्त्री करून ठेवते, कारण त्या दिवशी संकुलात झेंडावंदन असते. रात्रपाळी करून बाबा सकाळी तिथेच थांबतात, झेंड्याला कडक सलामी देतात, खुर्च्या उचलतात आणि मग घरी येऊन झोपतात. त्यांना झेंड्याचा अभिमान आहे. सलामी ठोकताना त्यांची छाती खरोखरच फुगते. पण स्वातंत्र्यदिनाची सुट्टी म्हणजे काय, हे त्यांना कोणी विचारले तर काय सांगतील? आणि एक मे? महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच तारखेला! कामगारांच्या नावाच्या त्या दिवशी आमच्या घरातली दोन्ही कामगार माणसे कामावर असतात आणि एकही दिवस कामावर न गेलेला माझा भाऊ सुट्टी घेऊन घरी बसतो.

कायदे झालेच नाहीत असे नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला आठवड्याची सुट्टी आणि भरपगारी रजा दिली. महाराष्ट्रात 2017 साली दुकाने आणि आस्थापनांचा नवा कायदा झाला. त्यात वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या सांगितल्या आहेत: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि चार आपसांत ठरवून. फार चांगली गोष्ट. पण ज्या दुकानात पाच-सहाच माणसे आहेत, त्याला ही तरतूद लागूच नाही. आणि पाच घरी काम करणारी बाई कोणत्या आस्थापनेत मोडते? तिचे पाच मालक, प्रत्येकाचे दार वेगळे. 2008 साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण कल्याण वेगळे आणि रविवार वेगळा.

यावर काहीजण विचारतील, की आधीच या देशात सुट्ट्या फार, त्यात आणखी कशाला? मला वाटते, या प्रश्नातच गफलत आहे. आपल्या देशात सुट्ट्या फार नाहीत. काही माणसांना सुट्ट्या आहेत आणि काही माणसांना मुळीच नाहीत. दोघांची सरासरी काढून चालत नाही. एकाने दोन ताटे जेवली आणि दुसरा उपाशी राहिला, तर दोघांचे जेवण झाले असे आपण म्हणतो का?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. सगळ्यांनीच सुट्टी घेतली तर इस्पितळ कोण चालवणार, पाणी कोण सोडणार, रात्री फाटकावर कोण बसणार? हे मला मान्य आहे. सणाच्या दिवशी कोणाला तरी काम करावेच लागणार. पण इथेच तो बॉक्सिंग डे मला पटतो. सणाला जो राबला, त्याला दुसरा दिवस त्याचा. धन्याच्या मनातल्या दयेवर सुरू झालेली ती चाल पुढे कायद्यात आली. आजच्या ब्रिटनमध्ये तर बँक हॉलिडेला सुट्टी मिळालीच पाहिजे असा हक्क कामगाराला नाही. पण आठवड्यातून पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला 28 दिवस भरपगारी रजेचा हक्क आहे. मालकाने बँक हॉलिडे त्यात धरले तरी चालते, पण एकूण दिवस द्यावेच लागतात. म्हणजे हक्क तारखेला चिकटलेला नाही, माणसाला चिकटलेला आहे. आपण मात्र तारीख लाल करतो आणि काम झाले असे समजतो.

इंग्रजांचे सगळेच चांगले, असे मी म्हणत नाही. ज्या वर्षी त्यांनी आपल्या बँकांना सुट्टी दिली, त्या वर्षी मुंबईच्या गिरण्यांत हिंदी कामगार बिनसुट्टीचा राबत होता, हे विसरता येत नाही. शिवाय विसाव्याची कल्पना आपण त्यांच्याकडूनच शिकलो असेही नाही. आमच्या मराठवाड्यात पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते. जू वाहून दुखावलेले बैलाचे खांदे हळद-लोण्याने चोळतात. पोळ्याला बैलाला औताला जुंपत नाहीत. त्याला पुरणपोळी खाऊ घालतात. खंडेनवमीला हत्यारे आणि यंत्रे पुजतात; त्या दिवशी कारागीर पटाशीला हात लावत नाही. बैलाला पोळा आहे आणि पटाशीला खंडेनवमी आहे. आमच्या परंपरेला विसाव्याचा अर्थ नीट कळला होता. तो टॉवरच्या लिफ्टमध्ये कुठेतरी हरवला.

आता एक घरची गोष्ट सांगून हा लेखप्रपंच आवरता घेते.

दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला मामा डोंबिवलीहून दुपारी आला. आई कामावर होती. पाच घरांपैकी तीन घरी पाहुणे होते. मामा संध्याकाळपर्यंत थांबला, साडी खाटेवर ठेवली आणि शेवटी गेला. त्याचीही दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी होती. आई रात्री नऊ वाजता आली. साडी पाहून ती काही बोलली नाही. हात तेलकट होते म्हणून तिने ती हातातही घेतली नाही. मग हात धुऊन, ताट तयार करून तिने कालनिर्णयावरच्या त्या तारखेपुढे दिवा ओवाळला. मी पाहात होते. आई म्हणाली, “बैलालाबी पोळा असतो गं.” एवढेच.

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. मध्यंतरी वाचताना मला कळले की 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. भरपगारी सुट्टी ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. मी ते आईला आणि चाळीतल्या मावशींना वाचून दाखवले. पहिल्यांदा सगळ्या हसल्या. मग एक मावशी म्हणाली, “तू लिव्हती ना? मग लिव्ह.”

गेल्या दिवाळीआधी तीन आठवडे मी अर्ज लिहिला. भाषा साधीच ठेवली. भाऊबीजेच्या दिवशी आम्ही येणार नाही. लक्ष्मीपूजनाला आणि पाडव्याला मात्र न चुकता येऊ. भाऊबीजेचा पगार कापू नये, ही विनंती. खाली चौघींची नावे. दोघींनी अंगठा उमटवला, दोघींनी सही केली. आईने सही केली. मी दहावीला असताना तिला सही शिकवली होती. तिचा कागदावर असा उपयोग पहिल्यांदाच झाला.

निकाल काय लागला ते खरेखरे सांगते. आईच्या पाच घरांपैकी तीन घरांनी आनंदाने होकार दिला. एका ताईंनी तर “मावशी, आधी का नाही सांगितलंत?” असे विचारले. चौथ्या घरी सुट्टी मिळाली, पण पैसे कापले गेले. पाचवे घर सुटले. त्यांनी दुसरी बाई ठेवली. ते घर गेल्याने आमच्या घरखर्चाला दोन महिने ओढाताण झाली. अर्ज मी लिहिला होता, त्यामुळे मला रात्री झोप लागत नसे. आईला मी तसे म्हटले, तर तिने मलाच समजावले, “अगं, घरं मिळतील. भाऊबीज वर्साला येकच.”

त्या दिवशी मामा दुपारी आला. आई घरी होती. तिने जुनी साडी नेसली नव्हती.

बाबांच्या सुट्टीचा प्रश्न तसाच आहे. तो एका अर्जाने सुटणारा नाही, कारण तिथे मालक कोण हेच नीट कळत नाही; संकुल एजन्सीकडे बोट दाखवते आणि एजन्सी संकुलाकडे. म्हणून कायदाच हवा. घरकाम करणाऱ्या बाईला आणि फाटकावरच्या माणसाला आठवड्यातून एक भरपगारी दिवस आणि वर्षातून निदान चार सण तिच्या-त्याच्या निवडीचे मिळाले पाहिजेत. सणाला काम पडलेच तर दुसरा दिवस बदली म्हणून मिळाला पाहिजे. माझ्या अल्पमतीप्रमाणे ही मागणी फार मोठी नाही. ती 1890 सालची आहे, फक्त उशिरा पोचली आहे.

आणि तोवर? कायदा येईपर्यंत आपल्याला हात बांधून बसण्याचे कारण नाही. हा अंक ज्या घरांत जाईल, त्यांपैकी कित्येक घरी सकाळी कोणीतरी भांडी घासायला येत असेल, फाटकावर कोणीतरी उभे असेल. वाचकहो, पुढच्या लाल तारखेला तुम्ही सुखाने उशिरा उठाल, तेव्हा त्या माणसाला एकच प्रश्न विचारा: “तुमची सुट्टी कधी?” उत्तर मिळेपर्यंत थांबा. आणि तो दिवस आपल्या कालनिर्णयावर स्वतःच्या हाताने लाल करा.